घरच्या गॅरेजमध्ये रायडिंग मोवर सुरक्षितपणे कसा उचलावा

महाराष्ट्रातून अमेरिकेत येऊन काही वर्षे अपार्टमेंटमध्ये काढल्यावर अनेक मराठी कुटुंबे शहराबाहेर स्वतःचे घर घेतात, आणि घरासोबत अर्धा किंवा एक एकर गवतही पदरात पडते. एक एकर म्हणजे आपले चाळीस गुंठे. एवढे गवत ढकलत्या मोवरने दर आठवड्याला कापणे जमत नाही, म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या उन्हाळ्यातच बसून चालवायचा रायडिंग मोवर घरी येतो. तो चालवायला कोणीही तासाभरात शिकते. अडचण पुढच्या वसंतात येते. पाती बोथट झालेली असतात, डेकखाली, म्हणजे पात्यांवरच्या लोखंडी आवरणाखाली, वाळलेल्या गवताचा जाड थर बसलेला असतो, आणि या वजनदार यंत्राच्या पोटाखाली पोहोचायचे कसे, हे सांगणारे जवळपास कोणी नसते. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घरात स्कूटरचा स्टेपनी टायर बदलण्यापलीकडे काही केलेले नसते.

ओहायोत घर घेतल्यानंतर मीही याच अडचणीत होते. घाईने केलेल्या एका चुकीमुळे माझा हात चिरडण्याची वेळ थोडक्यात टळली, आणि त्यानंतर मी ही पद्धत यंत्राची पुस्तिका समोर ठेवून, पायरी पायरीने बसवली. पहिल्यांदा मोवर उचलणाऱ्याने गॅरेजमध्ये जाण्याआधी हा लेख पूर्ण वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सर्वांत महत्त्वाचा नियम आधीच सांगते: जॅक हे फक्त वर नेण्याचे साधन आहे, वजन धरून ठेवण्याचे नाही. जॅकच्या आत तेलाचा दाब असतो आणि तो दाब अडवणारी रबराची सील कोणत्याही क्षणी निकामी होऊ शकते. यंत्र स्टँडवर, म्हणजे वजन धरून ठेवणाऱ्या लोखंडी घोडीवर, टेकलेले नसेल तर त्याखाली बोटसुद्धा घालू नये.

१. उचलण्याची खरोखर गरज आहे का, हे आधी ठरवा

इंजिनचे तेल बदलणे, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरी, पेट्रोलचा फिल्टर या कोणत्याही कामासाठी मोवर उचलावा लागत नाही. बहुतेक यंत्रांत तेल काढण्याची नळी किंवा झडप बाजूलाच दिलेली असते. अनेक डेकवर पाण्याचा पाइप जोडण्यासाठी एक तोंड असते. गवत कापून झाल्यावर लगेच तिथे पाइप जोडून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काही मिनिटे पाती फिरवली, तर वरवरची घाण निघून जाते.

पात्यांना धार लावायची असेल किंवा डेकचा पट्टा बदलायचा असेल, तर दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे मोवर उचलणे. दुसरा म्हणजे डेकच काढून बाजूने बाहेर ओढणे. लॉन ट्रॅक्टर प्रकारच्या यंत्रांत डेक काही खिट्या आणि दांड्यांवर टांगलेला असतो. पट्टा इंजिनच्या पुलीवरून उतरवायचा, खिट्या काढायच्या, पुढची चाके एका बाजूला पूर्ण वळवायची आणि डेक दुसऱ्या बाजूने सरकवून घ्यायचा. पहिल्या वेळी तासभर लागतो, नंतर अर्ध्या तासात होते. डेक बाहेर आला की तो भिंतीला उलटा टेकवून निवांत खरवडता येतो आणि पात्यांचे बोल्टही समोर बसून सोडवता येतात. वर काही लटकत नाही, त्यामुळे खाली चिरडले जाण्याचा प्रश्नच उरत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की ज्याच्या यंत्राचा डेक सहज निघतो त्याने पात्यांसाठी मोवर उचलूच नये.

तरीही उचलावे लागण्याचे प्रसंग उरतातच. मागचे चाक काढायचे असते, पुढच्या आसाला ग्रीस द्यायचे असते, गिअरबॉक्सकडे जाणारा पट्टा बदलायचा असतो, किंवा डेक गंजलेल्या खिट्यांमुळे जागचा हलत नाही. पुढच्या पायऱ्या अशा वेळेसाठी आहेत.

२. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे आणि त्याचे वजन किती, ते पाहा

बेचाळीस इंची डेकचा साधा लॉन ट्रॅक्टर साधारण ४०० ते ५०० पौंडांचा, म्हणजे १८० ते २२५ किलोंचा असतो. बुलेट मोटरसायकल अंगावर पडली तर काय होईल याची कल्पना आपल्याला आहे. हे वजन तेवढेच किंवा त्याहून जास्त आहे. मोठे गार्डन ट्रॅक्टर आणि जागच्या जागी वळणारी झीरो-टर्न यंत्रे ६०० पौंडांच्याही पुढे जातात. अंदाजावर राहू नका. आसनाखाली किंवा मागच्या मडगार्डजवळ एक पट्टी असते, तिच्यावरचा मॉडेल क्रमांक टिपून घ्या आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरून पुस्तिका उतरवून घ्या. वजन, जॅक लावण्याच्या जागा आणि पात्याचा बोल्ट किती जोराने आवळायचा, या तीन गोष्टी तिथे मिळाल्या की एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

लॉन ट्रॅक्टरमध्ये इंजिन पुढे असते आणि पुढची चाके स्टिअरिंगने वळतात. झीरो-टर्नमध्ये इंजिन मागे असते आणि पुढे मोकळी गरगर फिरणारी छोटी चाके असतात. झीरो-टर्नचे मागचे टोक उचलले तर जमिनीवर फक्त ही मोकळी चाके राहतात. ती कोणत्याही दिशेने वळू शकतात आणि त्यांना पाचर लावूनही भरवसा धरता येत नाही. म्हणून घरच्या घरी झीरो-टर्नचे फक्त पुढचे टोक उचलावे. मागच्या चाकाचे काम असेल तर यंत्र दुकानाकडे सोपवावे.

३. लागणारे सामान जमवा

सर्वांत आधी फरशीवर सरकणारा चाकांचा हायड्रॉलिक जॅक हवा. दोन टनांचा पुरतो, मात्र तो बुटका असावा. मोवरची चौकट जमिनीपासून फार उंच नसते आणि साधा जॅक पुष्कळदा तिच्याखाली शिरतच नाही. चार इंचांपेक्षा कमी उंचीवर बसणारा जॅक पाहून घ्या.

त्यानंतर जॅक स्टँडची जोडी. स्टँडवर लिहिलेली क्षमता बहुधा दोन स्टँड मिळून असते, एकेकट्याची नव्हे, हे खरेदी करताना लक्षात ठेवा. 'एएसएमई पीएएसई' (पूर्वीचे नाव 'पीएएलडी') या अमेरिकी सुरक्षा मानकाचा उल्लेख असलेले स्टँड घ्या आणि दात व खिटी यांच्यासोबत आरपार जाणारी जादा सुरक्षा-पिन असलेले मिळाले तर तेच निवडा. ही पिन उगीच दिलेली नसते. २०२० मध्ये अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीने विकलेले लाखो स्टँड परत मागवावे लागले, कारण वजन हलल्यावर दातांची पकड सुटून स्टँड अचानक खाली बसण्याचा धोका होता. शेजाऱ्याकडून किंवा गॅरेज सेलमधून जुने स्टँड आणत असाल, तर त्यांचा क्रमांक अमेरिकी सरकारच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर तपासा. वाकलेला पाय किंवा तडा गेलेली जोडणी दिसली तर ते स्टँड कितीही स्वस्त असले तरी घरात आणू नका.

बाकी सामान असे: रबराच्या चार पाचरी, पाऊण इंच जाडीच्या प्लायवुडचे दोन तुकडे, चार बाय चारच्या लाकडाचे दीड-दोन फुटांचे आठ तुकडे, ज्यांची प्रत्यक्ष जाडी साडेतीन इंच असते, डोळ्यांना गॉगल, पात्याची धार लागणार नाही असे जाड हातमोजे, बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा टॉर्क रेंच आणि योग्य मापाचे सॉकेट, बॅटरीवर चालणारा दिवा. मोबाइल कामाच्या टेबलावर ठेवू नका, खिशात ठेवा. तुम्ही अडकलात तर टेबल सहा फुटांवर असूनही उपयोगाचे नसते.

गाडीच्या डिकीतला कात्रीसारखा जॅक, पोकळ सिमेंटचे ठोकळे, विटा आणि प्लास्टिकच्या बादल्या या कामासाठी अजिबात वापरू नयेत. पोकळ ठोकळा बांधकामात मोठे वजन पेलतो म्हणून लोक त्यावर विश्वास ठेवतात. पण भिंतीत त्याच्यावर भार सर्व बाजूंनी सारखा पसरलेला असतो. इथे लोखंडाची एक कड त्याच्या एकाच रेषेवर टेकते, आणि तो आधी काहीही न दाखवता एका क्षणात फुटतो.

४. जागा निवडा आणि घरातल्यांना सांगा

मोवर गवतावर, मातीवर किंवा खडीवर कधीच उचलू नये. डांबरी ड्राइव्हवेही टाळावा, कारण उन्हात डांबर मऊ होते आणि स्टँडचे पाय हळूहळू आत रुततात. दुसरा पर्याय नसेल तर प्रत्येक स्टँडखाली प्लायवुड ठेवा आणि सकाळच्या गारव्यात काम करा.

गॅरेजची काँक्रीटची फरशी सर्वांत चांगली. मात्र ती डोळ्यांना सपाट वाटली तरी पाणी बाहेर जावे म्हणून दाराच्या दिशेने थोडी उतरती बांधलेली असते. आपले यंत्र सुटले तर ते कुठे जाईल याचे उत्तर फरशीवर गोटी सोडून पाहिले की मिळते. मी मोवर उताराला आडवा, म्हणजे दाराला समांतर उभा करते. म्हणजे चाकांना घरंगळायला दिशाच मिळत नाही.

पेट्रोलची वाफ साठू नये म्हणून दार उघडे ठेवा. गॅरेजमध्ये ज्योतीवर चालणारा पाण्याचा हीटर किंवा घर गरम करणारी भट्टी असेल तर ते काम उघड्यावर न्या. त्या दिवशी गॅरेजमधून गाडी काढणार कोण आहे, रिमोट कोणाकडे आहे, मुले खेळायला कुठे असतील, हे घरात आधीच बोलून घ्या. एक मोठे माणूस हाकेच्या अंतरावर असेल तेव्हाच हे काम करावे. घरी एकटे असाल तर दुसरा दिवस निवडा.

५. यंत्र निर्जीव करा

इंजिन गार होऊ द्या. अर्धा तास तरी थांबा. पेट्रोलची टाकी निम्म्याहून कमी भरलेली असावी. अनेक लॉन ट्रॅक्टरमध्ये टाकी मागे असते आणि पुढचे टोक उचलल्यावर पेट्रोल झाकणाच्या हवेच्या छिद्रातून गळू लागते. पेट्रोलचा नळ असेल तर तो बंद करा.

पाती चालू-बंद करणारे बटण बंद आहे याची खात्री करा, डेक सर्वांत वरच्या खुंटीत न्या, पार्किंग ब्रेक लावा, किल्ली काढून खिशात ठेवा. त्यानंतर स्पार्क प्लगच्या वायरी काढून बाजूला बांधा. दोन सिलिंडरच्या इंजिनला दोन प्लग असतात. एकच काढून समाधान मानू नका. हाताने पाते फिरवले की इंजिनही फिरू शकते आणि प्लगमध्ये ठिणगी पडू शकते, म्हणून ही पायरी टाळता येत नाही. शेवटी बॅटरीची आधी ऋण आणि मग धन वायर काढा.

हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, गिअरबॉक्स असलेल्या यंत्राला मागच्या बाजूला एक छोटी दांडी असते. ती ओढली की इंजिन बंद असताना मोवर हाताने ढकलता येतो. यंत्र जागेवर आणण्यासाठी ती ओढली असेल तर परत मूळ जागी बसवा. ओढलेल्या स्थितीत गिअरबॉक्स चाकांना मुळीच धरून ठेवत नाही.

६. पार्किंग ब्रेकवर विसंबू नका

माझी चूक इथे झाली होती, म्हणून या पायरीवर जरा थांबते. मागचे उजवे चाक पंक्चर झाले होते. मी पार्किंग ब्रेक पूर्ण ओढला, गाडीतला कात्रीचा जॅक मागच्या आसाखाली लावला आणि चाक दोन इंच वर घेतले. पुढच्या चाकांना काही लावले नव्हते, कारण ब्रेक लावला आहे एवढे मला पुरेसे वाटले. चाकाच्या मधली टोपी काढायला हात घातला आणि यंत्र दाराच्या दिशेने सरकले. जॅक आडवा झाला, मागचे टोक फरशीवर आदळले आणि चाकाची कड माझ्या बोटांपासून दोन-तीन इंचांवर येऊन थांबली.

असे का झाले, ते नंतर कळले. बहुतेक लॉन ट्रॅक्टरमध्ये ब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो, पुढच्या चाकांना ब्रेक नसतोच. शिवाय तो प्रत्येक चाकावर वेगळा नसतो, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, डिफरेन्शियलच्या, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी चाकांच्या, आधी बसवलेला असतो. दोन्ही मागची चाके जमिनीवर असतात तोपर्यंत तो दोघांनाही धरतो. एक चाक हवेत गेले की ते उलट दिशेने मोकळे फिरू शकते, आणि तेवढ्याच प्रमाणात जमिनीवरचे दुसरे चाक पुढे जाऊ शकते. ब्रेक शाफ्टला घट्ट धरून असतो आणि यंत्र तरीही चालू लागते. दोन्ही मागची चाके उचलली तर ब्रेकचा जमिनीशी संबंधच उरत नाही.

घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर आधी उडी मारून चाकाला दगड लावतो, मग ड्रायव्हर खाली उतरतो. आपणही तोच क्रम पाळायचा. जी चाके जमिनीवर राहणार आहेत, त्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून, अशा चारही पाचरी घट्ट सरकवायच्या, हलक्या हातोडीने ठोकायच्या, आणि मगच जॅक हातात घ्यायचा.

७. पुढचे टोक उचलणे

लॉन ट्रॅक्टरचा पुढचा आस मध्यभागी एका खिळीवर झुलता बसवलेला असतो, म्हणजे खड्ड्यातून जाताना एक चाक वर आणि एक खाली जाऊ शकते. उचलताना हाच झुला घातक ठरतो. आसाच्या एका टोकाला जॅक लावला तर आधी नुसता आस तिरका होत जातो आणि यंत्र मात्र उचलले जात नाही. पुढे ते उचलले जाते तेव्हा एका बाजूला कललेले असते. आसाच्या मध्यावर जॅक लावून तसेच ठेवले तर सगळी चौकट त्या खिळीवर डावीउजवीकडे डुलू शकते. मध्यावर जॅक लावणे वर नेण्यापुरते चालते, पण स्टँड मात्र चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांखाली, शक्य तितके एकमेकांपासून दूर लावले पाहिजेत.

तेलाचे भांडे, तेल काढण्याची झडप, स्टिअरिंगच्या दांड्या, प्लास्टिकचा बंपर आणि डेकची कड यांपैकी कशाखालीही जॅक लावू नका. जॅकच्या बशीवर रबराची गादी ठेवा, कारण लोखंडावर लोखंड घसरते.

जॅक हळूहळू चालवा. दर दोन इंचांनी थांबून मागची चाके जागची हलली आहेत का, जॅक तिरका होतो आहे का, ते पाहा. जॅकचा दांडा वर जाताना वर्तुळाच्या कमानीत जातो, म्हणून जॅकची चाके थोडी पुढे सरकणे आवश्यक असते. त्यांच्यासमोर कचरा, नट किंवा गालिचा असता कामा नये. आणि कामासाठी जेवढी उंची लागते तेवढेच उचला. पात्याच्या बोल्टपर्यंत सॉकेट पोहोचले की थांबा. जास्त उंची म्हणजे जास्त कल, आणि त्यासोबत पेट्रोल, तेल व जुन्या बॅटरीतले आम्ल गळण्याचा धोका.

दोन्ही स्टँड सारख्या उंचीवर लावा, सुरक्षा-पिन आरपार घाला, आणि जॅकची झडप अगदी थोडी सैल करून वजन स्टँडवर येऊ द्या. चौकटीची पट्टी स्टँडच्या खोबणीत पूर्ण बसली पाहिजे, नुसत्या कडेवर टेकलेली चालत नाही. जॅक मात्र काढून घेऊ नका. तो चौकटीला हलकेच टेकलेला राहू द्या, म्हणजे स्टँडला काही झाले तर दुसरा आधार मिळतो. तिसरा आधार लाकडाचा: चार बाय चारचे दोन तुकडे फरशीवर एकमेकांना समांतर आडवे टाका, त्यावर दोन काटकोनात, अशा रीतीने चौकटीखाली रचा. वर अर्धा-एक इंच फट राहिली तरी चालते.

आता उभे राहून मोवरला बाजूने, मग पुढून, हाताने जोरात हलवा. पडायचाच असेल तर तो आता पडू द्या, तुम्ही बाहेर आहात. हलवताना किंचितही खटखट किंवा सरक जाणवली तर यंत्र खाली घेऊन सगळे पुन्हा लावा. यंत्र पडू लागले तर ते धरायला जाऊ नका, मागे सरा.

८. मागचे टोक उचलणे

लॉन ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली जोडण्याची जाड पट्टी असते. तिच्या मध्यावर, चौकटीला जोडलेल्या भागाखाली जॅक लावला की दोन्ही मागची चाके एकदम आणि सारखी वर येतात. एकच चाक काढायचे असले तरीही मी आता दोन्ही बाजू एकत्र उचलते. गिअरबॉक्सखाली जॅक लावू नका. त्याचे आवरण वजन पेलण्यासाठी बनवलेले नसते आणि हायड्रोस्टॅटिक प्रकारात त्याच्या वर थंड ठेवणारा प्लास्टिकचा पंखा असतो. स्टँड चौकटीखाली, दोन्ही बाजूंना लावा. पुढच्या चाकांना स्टिअरिंग सरळ ठेवून चारही पाचरी लावलेल्या असल्याच पाहिजेत, कारण इथे दुसरे काहीही यंत्राला धरून ठेवत नाही.

मागचे चाक बहुतेक वेळा नट-बोल्टने बसवलेले नसते. प्लास्टिकची टोपी काढली की एक इंग्रजी 'ई' अक्षराच्या आकाराची कडी, मग वॉशर, आणि आत एक छोटी चौकोनी चावी दिसते. चाक ओढताना ही चावी निसटून गॅरेजच्या कोपऱ्यात जाते आणि ती नसेल तर चाक शाफ्टबरोबर फिरत नाही. खाली पांढरे कापड पसरून ठेवा आणि सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडा.

९. रॅम्प, तयार लिफ्ट आणि छताला टांगणे

गाडीच्या रॅम्पवर मोवर चढवण्याचा मोह अनेकांना होतो. मोवरच्या पुढच्या चाकांमधले अंतर, डेकची खालची कड आणि रॅम्पचा चढ हे जुळत नाहीत. डेक अडकतो, किंवा चाक थांब्यावरून पुढे जाते. मी हा मार्ग सुचवत नाही.

पुढची दोन चाके पाळण्यात धरून वर नेणारी मोवरसाठीच बनवलेली लिफ्ट मिळते. साधारण ३०० पौंडांपासून ७५० पौंडांपर्यंतच्या क्षमतेची यंत्रे बाजारात आहेत. मागची चाके जमिनीवरच राहतात, त्यामुळे ब्रेक आणि पाचरी दोन्ही कामी येतात. दरवर्षी दोनदा पाती काढणाऱ्यासाठी, विशेषतः झीरो-टर्नच्या मालकासाठी, हा खर्च योग्य आहे. मात्र तिथेही वजन पेलणारी लॉकची दांडी किंवा पिन अडकवल्याशिवाय खाली हात घालायचा नाही, आणि स्टँड किंवा लाकडी रचना सोडायची नाही.

गॅरेजच्या छताच्या लाकडी कैचीला साखळी बांधून मोवर टांगणे पूर्णपणे टाळा. ती कैची छताचा पसरलेला भार वाहण्यासाठी बनवलेली असते. तिच्या खालच्या दांडीवर एकाच ठिकाणी दोन क्विंटल लटकवले तर मोवर पडेलच, घराचेही नुकसान होईल.

१०. खाली काम करताना

संपूर्ण शरीर यंत्राखाली नेऊ नका. बाजूला बसून फक्त हात आत घालायचे. पाते फिरू नये म्हणून पाते आणि डेकची भिंत यांच्यात लाकडाचा तुकडा अडकवा आणि मग बोल्ट सोडवा. लांब दांड्याने जोर लावायचा तो मोवर हिसकला जाणार नाही अशा दिशेने, आणि एका झटक्यात नव्हे, तर सावकाश वाढवत. बोल्ट गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. स्टँडवर उभ्या असलेल्या यंत्राखाली हातोड्याने जोरात ठोकणे किंवा इम्पॅक्ट रेंच लावून यंत्र हादरवणे टाळा.

डेक वर धरणाऱ्या दांड्याला मोठा स्प्रिंग असतो. हात आत असताना कोणीही आसनाजवळचा तो दांडा हलवू नये. उचललेल्या स्थितीत इंजिन एक क्षणही सुरू करू नये, मग पट्टा नीट बसला आहे का एवढेच पाहायचे असले तरीही.

पाते परत बसवताना त्याची वर वळलेली कड डेकच्या दिशेला आली पाहिजे. खूप जण ती उलटी बसवतात आणि मग गवत कापले न जाता नुसते झोडपले जाते. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या फूट-पौंडांच्या आकड्याने टॉर्क रेंच लावून आवळा. हाताच्या अंदाजाने आवळलेला बोल्ट सुटला, तर पाते कोणत्या दिशेने उडेल हे कोणी सांगू शकत नाही.

११. खाली उतरवणे

काम झाल्यावर आधी हत्यारे मोजा. पाते अडवायला ठेवलेला लाकडाचा तुकडा बाहेर आला आहे याची खात्री करा. लाकडी रचना काढा. जॅकने यंत्र अगदी थोडे वर घ्या, स्टँड मोकळे झाले की पिना काढून ते बाजूला ओढा. स्टँड ओढताना हात चौकटीखाली न नेता त्याचा पाय बाहेरून धरा. मग जॅकची झडप पाव वळसाच फिरवा आणि यंत्र सावकाश बसू द्या. तुमचा किंवा इतर कोणाचा पाय आसपास असू नये.

चारही चाके टेकल्यानंतर पाचरी काढा. बॅटरीची आधी धन, मग ऋण वायर जोडा. प्लगच्या वायरी बसवा, पेट्रोलचा नळ उघडा आणि कुठे गळती दिसते का ते पाहण्यासाठी खाली पुठ्ठा ठेवून दहा मिनिटे थांबा. मोवर गॅरेजबाहेर, माणसांपासून लांब मोकळ्या गवतावर नेऊन पाती सुरू करा. आसनाला किंवा स्टिअरिंगला नेहमीपेक्षा जास्त थरथर जाणवली तर लगेच बंद करा. पाते वाकडे बसले आहे किंवा त्याची दोन टोके समतोल नाहीत. सगळे ठीक असेल तर पहिली कापणी पूर्ण करा, इंजिन गार झाल्यावर यंत्र पुन्हा याच क्रमाने उचला आणि पात्यांचे बोल्ट टॉर्क रेंचने एकदा तपासून घ्या.